हुकूमशाही सरकार चर्चला कसं काबूत ठेवतं, हे ओळखायचं कसं

पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारे स्पर्धा परीक्षावाले असोत, विद्यापीठात पॉलिटिक्सचं एमए करणारे असोत नाहीतर चहाच्या टपरीवर वाद घालणारे, सगळ्यांचा घोटाळा एकाच जागी होतो. हुकूमशाही म्हटलं की हे लोक चर्चला लागलेलं कुलूप शोधतात, आणि ते दिसलं नाही की म्हणतात बघा, तिथे तर रविवारी गर्दी असते, मग कसली आलीय दडपशाही. अहो गर्दी असणारच. असली बरीच सरकारं धर्मावर सरसकट बंदी घालायच्या भानगडीत पडत नाहीत, ती स्वतःच्या मर्जीतली एक संस्था उभी करतात आणि तिच्या बाहेर राहील त्याला कागदावर बेकायदा ठरवतात. म्हणून सगळ्यात आधी त्या देशाचा नोंदणीचा कायदा काढायचा.

आता नोंदणी आहे म्हणजे हुकूमशाही असं पण नाही हं. आपल्याकडे ट्रस्ट काढला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, हिशोब द्यावे लागतात, गणपती मंडळाला मांडवाची परवानगी काढावी लागते. पण मंडळ नोंदवलेलंच नसेल तरी घरात पंधरा जण जमून आरती केली म्हणून कोणी दार ठोठावत नाही, आणि आरती कुठली म्हणायची ते आयुक्त सांगत नाहीत. तेव्हा कायदा वाचताना दोनच गोष्टी पकडून ठेवा: नोंदणी केली नाही तर काय होतं, आणि केली तर आत कुणाचं चालतं.

चीन घ्या, तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९८२ च्या राज्यघटनेतलं कलम ३६ धार्मिक स्वातंत्र्य देतं, पण संरक्षण फक्त 'सामान्य' धार्मिक कार्याला. सामान्य काय ते ठरवणार सरकार. असले शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करा, सगळी मेख तिथेच असते. मान्यता पाच धर्मांना, त्यात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हे दोन वेगळे धर्म धरलेत, पण प्रोटेस्टंटांमधले बॅप्टिस्ट, लुथरन, मेथडिस्ट हे पंथ १९५८ मध्ये मोडून सगळ्यांना एकाच छत्राखाली कोंबलं, ते छत्र म्हणजे १९५४ ची थ्री-सेल्फ चळवळ. स्वतःचा कारभार, स्वतःचा पैसा, स्वतःचा प्रसार. गंमत अशी की ही कल्पना मूळची एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांची, त्यातला एक रुफस अँडरसन हा अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचा सेक्रेटरी, म्हणजे ज्या बोर्डाचं मराठी मिशन आपल्या नगरला होतं तेच. परदेशी मिशनवर अवलंबून राहू नका म्हणून केलेली सूचना, ती चिनी कम्युनिस्ट पार्टीने उचलली आणि परदेशी संबंध तोडायला वापरली.

मग पाळकावर कारवाई करण्याआधी सरकार कुठून दाबतं ते बघायचं, आणि बऱ्याचदा उत्तर असतं घरमालक. चीनमध्ये २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत बेकायदा उपासनेला जागा देणाऱ्यालाही दंड आहे, २० हजार ते २ लाख युआन. बीजिंगच्या झायन चर्चने २०१८ मध्ये आत सीसीटीव्ही लावू दिले नाहीत, तर जागेच्या मालकावर दबाव आला आणि सप्टेंबरमध्ये चर्च बंद. खटला झालाच तर आरोपपत्र वाचा, त्यात धर्म जवळपास नसतोच. चेंगडूच्या अर्ली रेन चर्चचे पाळक वांग यी यांना डिसेंबर २०१९ मध्ये ९ वर्षं झाली, आरोप होते सत्ता उलथवण्याची चिथावणी आणि बेकायदा व्यवसाय.

त्यानंतर पोरांचं काय ते बघा. कुठल्याही सरकारला म्हाताऱ्यांच्या प्रार्थनेची फारशी भीती नसते, पुढच्या पिढीची असते. सोव्हिएत रशियाच्या १९२९ च्या कायद्यात मंडळी नोंदवायला २० माणसं लागायची, आणि नोंदवल्यावर मुलांच्या खास सभा, मदतनिधी, वाचनालय सगळं मना. पूर्व जर्मनीने वेगळी आयडिया केली, दृढीकरणाच्या, म्हणजे पोरं चर्चची पूर्ण सभासद होतात त्या विधीच्या वयात त्यांच्यासाठी सरकारी समारंभ सुरू केला, युगेंडवाइहे, आणि तो टाळणाऱ्यांना पुढच्या शिक्षणात अडवलं. कायदा न मोडता चर्च रिकामं करायची ही पद्धत मला तरी सगळ्यात चलाख वाटते.

आता मुख्य सावधगिरी. नोंदणीवाले विकले गेलेले आणि घरात जमणारे शूर, अशी वाटणी करू नका. वेनचोऊचं सानज्यांग चर्च मान्यताप्राप्त होतं, तरी एप्रिल २०१४ मध्ये पाडलं. हांगचोऊचे पाळक कू युएसे तर अधिकृत प्रांतिक परिषदेचे प्रमुख, सरकार चर्चवरचे क्रूस उतरवत होतं त्याला विरोध केला आणि २०१६ मध्ये कोठडीत गेले. उलट बाजूने, १९६० मध्ये सोव्हिएत बॅप्टिस्टांच्या अधिकृत संघानेच आपल्या ज्येष्ठ पाळकांना पत्र पाठवलं की मुलांना उपासनेला आणणं कमी करा, तरुणांचे बाप्तिस्मे कमी करा, म्हणजे सरकारचं काम चर्चच्याच लेटरहेडवर झालं. त्यातून संघ जो फुटला तो फुटलाच, वेगळं झालेल्यांनी १९६५ मध्ये स्वतःची परिषद काढली. नियंत्रणाचा खरा परिणाम मोजायचा तर ही अशी फूट शोधा, १९३४ च्या जर्मनीतही तीच दिसते, एकीकडे लुडविग म्युलरचं नाझीधार्जिणं राइश चर्च आणि दुसरीकडे चर्चवर नाझी सत्तेचा हुकूम चालणार नाही असं सांगणारा बारमेनचा जाहीरनामा काढणारे.

उघड बंदीची उदाहरणंही आहेत, एरिट्रियाने २००२ मध्ये ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी इस्लाम सोडून बाकीचे सगळे बंद केले. पण ती समजायला गाईड लागत नाही.

इथे कोणीतरी आपला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा काढणारच, २०२० पासून परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावी लागते ना, मग फरक काय? प्रश्न रास्त आहे, झटकून टाकू नका. त्यालाही हीच पट्टी लावा, आणि वर हेही विचारा: नियम सगळ्यांना सारखा लावतात का, कोर्टात सरकारविरुद्ध निकाल लागू शकतो का, आणि तो लागला तर पाळला जातो का.

आकडा लिहिताना मोजलं कुणी ते शेजारीच लिहा. चीन सरकारने २०१८ च्या श्वेतपत्रिकेत ३ कोटी ८० लाख प्रोटेस्टंट सांगितले, बाहेरच्या संस्था याच्या कितीतरी पुढे जातात, आणि आकडा छोटा किंवा मोठा दिसण्यात दोघांचाही फायदा असतो.