जर्मनीत उतरण्याआधी फोनमध्ये काय असावं

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबद्दल करार झाला. तेव्हापासून सांगली, नाशिक, लातूरहून माझ्याकडे विचारणा वाढली आहे. कुणी परिचारिका आहे, कुणी इलेक्ट्रिशियन, बरेच जण पहिल्यांदाच विमानात बसणारे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, थंडीचे कपडे किती आणू? कपडे इथे मिळतात. त्यापेक्षा फोन नीट लावून या, असं मी प्रत्येकाला सांगते. मी श्टुटगार्टला २०१३ साली आले, तेव्हा खिशात छापील नकाशा आणि कागदी तिकीट घेऊन फिरता येत होतं. आता तसं राहिलेलं नाही. म्हणून तुमचं सामान बांधून होण्याआधी एक संध्याकाळ या कामासाठी काढा, आणि घरच्या कुणाला तरी शेजारी बसवून करा.

सुरुवात ॲपपासून करू नका, नंबरपासून करा. तुमचा भारतातला मोबाइल नंबर हीच तुमच्या बँकेची, आधारची आणि निम्म्या ॲप्सची किल्ली आहे. मागच्या हिवाळ्यात इथे आलेल्या एका मुलीने आपलं सिम गावी भावाच्या फोनमध्ये ठेवलं होतं. म्हणाली, ओटीपी आला की तो सांगेल. इथे घराचे पैसे भरायची वेळ आली रात्री आठला. भारतात तेव्हा साडेबारा वाजले होते आणि भाऊ झोपला होता. तसं करू नका. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि परदेशात येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का ते कंपनीला विचारा. दोन सिमचा फोन असेल तर एका जागी भारतातलं सिम कायम राहू द्या, मात्र त्यावरचा रोमिंग डेटा बंद ठेवा. रिचार्ज चुकवू नका. बरेच दिवस न वापरलेला नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला तरी दिला जातो.

ॲप्स घरच्या वायफायवरच उतरवून, लॉगिन करून, एकदा वापरून पाहा. प्ले स्टोअरवर तुमचा देश भारत असेल तर इथली काही ॲप्स, विशेषतः बँकांची, दिसणारच नाहीत. तो देश बदलता येतो, पण वर्षातून एकदाच, आणि नव्या देशातलं कार्ड लागतं. म्हणजे ते काम इथलं बँक खातं उघडल्यावर. आधी घाई नको.

आता विमानतळ. आपल्याकडचे बहुतेक जण फ्रांकफुर्टला उतरतात आणि तिथून रेल्वेने पुढे जातात. विमानतळाला दोन स्टेशनं आहेत, एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आणि एक स्थानिक गाड्यांचं. श्टुटगार्टची वेगवान आयसीई लांब पल्ल्याच्या स्टेशनावरून सुटते आणि साधारण सव्वा तासात पोचवते. यासाठी डीबी नेव्हिगेटर हे रेल्वेचं ॲप हवंच. त्याची भाषा इंग्रजी करता येते. तिकीट काढताना स्वस्तातलं ‘स्पारप्राइस’ दिसेल आणि हात तिकडेच जाईल. थांबा. ते तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला, सामान यायला वेळ लागला, गाडी चुकली, तर तिकीट वाया गेलं. विमान उशिरा आलं हे कारण चालत नाही. पहिल्या दिवशी थोडे पैसे जास्त गेले तरी ‘फ्लेक्सप्राइस’ काढा, त्यावर त्या दिवशीची त्या मार्गावरची पुढची गाडीही चालते. विमानाच्या तिकिटासोबत रेल्वेचं तिकीट जोडून मिळत असेल तर त्याहून बरं.

याच ॲपचा खरा उपयोग मात्र फलाटावर कळतो. गाडीचा फलाट ऐनवेळी बदलतो, घोषणा जर्मनमध्ये होते, आजूबाजूची माणसं अचानक चालायला लागतात आणि आपण दोन बॅगा घेऊन तिथेच उभे. ॲपमध्ये नवा फलाट दिसतो. तुमचा डबा फलाटाच्या ए, बी, सी यांपैकी कुठल्या भागासमोर लागणार तेही दिसतं. जर्मन गाड्या वेळेवर धावतात हे घरी ऐकून आला असाल तर विसरा. पण उशिराचे नियम प्रवाशाच्या बाजूने आहेत. मुक्कामाला पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर बांधलेलं तिकीट मोकळं होतं, दुसरी गाडी घेता येते. एक तास उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मिळतात, आणि तो अर्ज ॲपमधूनच करता येतो. नवी माणसं संकोचाने हे पैसे सोडून देतात. सोडू नका, तो तुमचा हक्क आहे.

रोजच्या प्रवासासाठी डॉइचलांड-टिकेट घ्या. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो आहे. त्यावर देशभरातल्या सिटी बस, ट्राम, भुयारी गाड्या आणि स्थानिक रेल्वे चालतात, आयसीई चालत नाही. ते महिन्याचं वर्गणी-तिकीट आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही की पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. शहराचं म्हणून वेगळं ॲप असतं, इथे श्टुटगार्टला व्हीव्हीएस या शहर-वाहतूक संस्थेचं आहे. एखाददुसऱ्या फेरीचं तिकीट त्यावरून काढा, पण गाडीत पाऊल टाकण्याआधी. तपासनीस दिसल्यावर काढलेलं तिकीट तिकीट मानत नाहीत, ६० युरो दंड होतो. फोनची बॅटरी संपली तर तिकीट दाखवता येत नाही, म्हणजे तेही विनातिकीटच. हिवाळ्यात, शून्याखाली तापमान असताना, जुन्या फोनची बॅटरी बघता बघता उतरते. आतल्या खिशात फोन ठेवा आणि लहान पॉवरबँक जवळ असू द्या. आणि राहायच्या जागेचा पत्ता, नोकरीच्या ठिकाणचा नंबर, घरचे दोन नंबर एका कागदावर लिहून पासपोर्टात ठेवा. हे मी फार कळकळीने सांगते आहे, कारण बंद फोन हातात घेऊन स्टेशनावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आईचाही नंबर पाठ नव्हता.

भाषांतरासाठी गूगल ट्रान्सलेट पुरतं. जर्मन आणि इंग्रजी भाषा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे इंटरनेट नसताना चालतं. कॅमेरा पाटीवर धरला की अर्थ दिसतो. कोलोनच्या डीपएल या कंपनीचं ॲपही चांगलं आहे, मोठ्या पत्रांसाठी मला तेच बरं वाटतं. पण दोन ठिकाणी सावध राहा. एक म्हणजे वेळ. जर्मनमध्ये ‘हाल्ब आख्ट’ म्हणतात, शब्दशः ‘अर्धे आठ’. त्याचा अर्थ साडेसात. आठला अर्धा तास कमी, असा त्यांचा हिशेब. हे ऐकून साडेआठला पोचलेल्या माणसाची डॉक्टरची वेळ गेलेली असते. त्यामुळे वेळ नेहमी आकड्यांत लिहून मागा.

दुसरं म्हणजे सरकारी पत्रं. जर्मनी अजून पत्रांवर चालते. पत्राचा फोटो काढून भाषांतर करा, पण आधी ‘फ्रिस्ट’ हा शब्द शोधा, म्हणजे मुदत. ‘मानुंग’ दिसलं तर बिल थकलं आहे. आणि पाकीट पिवळं असेल तर ते फेकू नका. त्यावर पोस्टमनने पोचवल्याची तारीख लिहिलेली असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. ॲप पत्र वाचून देतं, पाकीट कुणी वाचत नाही. पासपोर्ट क्रमांक, खाते क्रमांक असलेला भाग भाषांतराच्या ॲपमध्ये टाकताना झाकून घ्या.

घर शोधायला इमोस्काउट आणि वेगे-गेझुख्ट ही ॲप्स सगळे वापरतात, जुनं फर्निचर आणि सायकल क्लाइनआनत्साइगेनवर मिळते. तिथे फसवणारेही आहेत आणि ते नव्यांनाच गाठतात. त्यांची गोष्ट जवळपास ठरलेली असते. घरमालक परदेशात आहे, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी आहे, डिपॉझिट पाठवा म्हणजे किल्ली कुरिअरने येईल. घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका, पासपोर्टचा फोटोही नाही. कायद्याने डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीनपटीहून जास्त घेता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो देणार नाही असं म्हणणाऱ्याचं घर घेऊ नका.

घर मिळालं की पहिल्या दिवशी टपालपेटीवर आणि घंटीवर आपलं आडनाव चिकटवा. इथे फ्लॅटला नंबर नसतात, पोस्टमन आडनाव पाहून पत्र टाकतो. बँकेचं कार्ड, कर क्रमांक, आरोग्य विम्याचं कार्ड सगळं टपालाने येतं. ॲपमध्ये ‘पाठवलं’ असं दिसतं आणि पत्र परत गेलेलं असतं. पासपोर्टवर आडनाव जसं लिहिलं आहे तसंच तिथे लिहा.

पैशांबद्दल थोडक्यात. यूपीआयची सवय विसरा, इथल्या दुकानांत ते चालत नाही. बऱ्याच बेकऱ्या आणि लहान खानावळी रोखच घेतात, म्हणून ५० युरो तरी सुट्ट्या नोटांत बाळगा. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी आणून ठेवा.

शाकाहारी असाल तर कॅमेऱ्याचा सगळ्यात जास्त उपयोग किराणा दुकानात होईल. ‘जेलाटिने’, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातडीपासून केलेलं जिलेटिन, गोळ्या-चॉकलेटांत आणि काही दह्यांतही असतं. ‘श्माल्त्स’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी, ‘श्पेक’ म्हणजे डुकराचं मांस. आमच्या श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या, भागात मसुराची डाळ आणि श्पेट्सले नावाच्या शेवयांचा पदार्थ फार आवडीने खातात. डाळ म्हणून मागवाल तर वर सॉसेज ठेवलेली येतात. मागवतानाच ‘ओने फ्लाइश’, मांसाशिवाय, असं म्हणा.

तब्येतीसाठी तीन नंबर फोनमध्ये आजच टाका. ११२ रुग्णवाहिका आणि अग्निशमन, ११० पोलीस, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी जिवावरचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७. शेवटचा नंबर नव्यांना माहीत नसतो आणि ते साध्या तापासाठी रुग्णालयात जाऊन तासन्‌तास बसतात. डॉक्टरची वेळ घ्यायला डॉक्टोलिब हे ॲप वापरा. त्यात डॉक्टरला कुठली भाषा येते ते निवडता येतं. इंग्रजी तर मिळतंच, मोठ्या शहरात कधी हिंदी बोलणारेही सापडतात.

राहता राहिलं नीना नावाचं सरकारी ॲप. पूर, वादळ, मोठी आग, पिण्याच्या पाण्यातला बिघाड यांची सूचना त्यावर येते. आपल्या शहराचं नाव त्यात घाला. आणि एक तारीख लक्षात ठेवा. दर वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी ११ वाजता देशभर या व्यवस्थेची चाचणी होते. सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडतात, कित्येक ठिकाणी भोंगेही वाजतात. नुकतीच आलेली माणसं घाबरून घरी फोन लावतात आणि घरचे आणखी घाबरतात. सप्टेंबरच्या आसपास येणार असाल तर आई-वडिलांना हे आधीच सांगून ठेवा. पावणेबाराला धोका टळल्याची सूचना येते आणि लोक आपापल्या कामाला लागलेले असतात.