काजूच्या बागेत तणनाशक मारायचेच असेल, तर शरीरातली प्रथिने कशी जपावीत

जानेवारी सरत आला की गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण भागातल्या काजू बागायतींत सफाईची घाई सुरू होते. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, पडायला लागायच्या आत झाडाखालची रानमोडीची झुडपे आणि गवत निघाले पाहिजे, नाहीतर बिया सापडायच्या कशा? बेणणीला, म्हणजे हाताने तण काढायला, माणसे मिळत नाहीत, म्हणून पाठीवर पंप चढतो. तणाचे औषध माणसाला बाधत नाही, असे ऐकतच आपण वाढलो. त्यात थोडे तथ्य आहे. तणनाशक वनस्पतीतल्या ज्या प्रथिनावर काम करते, ते प्रथिन पुष्कळदा आपल्या शरीरात नसतेच. पण तेच रसायन आपल्या पेशींतल्या भलत्याच प्रथिनांना जाऊन भिडते, आणि कोणत्या प्रथिनांना, हे प्रत्येक रसायनागणिक बदलते. म्हणून काळजीची सुरुवात बाटलीपासून.

पायरी १: बाटलीवरचे तांत्रिक नाव वाचा

वरचे मोठे नाव कंपनीचे. खाली बारीक अक्षरांत ग्लायफोसेट, पॅराक्वाट डायक्लोराइड, २,४-डी असे काहीतरी लिहिलेले असते, ते कागदावर उतरवून घ्या किंवा फोनवर फोटो काढा. बाटलीवरचा रंगीत चौकोन विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वात सौम्य. बाटली फोडून दुसऱ्या बाटलीत थोडे दिलेले औषध घेऊच नका. त्यावर नाव नसते, आणि पुढे दवाखान्यात नावच लागते.

पायरी २: ते रसायन आपल्या पेशीत काय करते, हे समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या. पुढची सगळी काळजी यावरून ठरते.

ग्लायफोसेट वनस्पतीतले एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, अडवते. त्या एन्झाइमशिवाय झाडाला काही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, बनवता येत नाहीत, आणि ती नसली की त्याची प्रथिनेच तयार होत नाहीत. माणसात हे एन्झाइम नाही; ती अमिनो आम्ले आपल्याला अन्नातून मिळतात. मात्र बाटलीत नुसते ग्लायफोसेट नसते. पानाच्या मेणचट थरातून औषध आत शिरावे म्हणून साबणासारखे पृष्ठसक्रियक घातलेले असतात. प्रयोगशाळेत मानवी पेशींवर पाहिले, तर यांतले काही पृष्ठसक्रियक ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक ठरतात, कारण ते पेशीचे आवरणच विस्कटतात आणि त्या आवरणात बसलेल्या प्रथिनांचा आधार जातो. अशाच एका पृष्ठसक्रियकाला, पीओईएला, युरोपीय संघाने २०१६ साली ग्लायफोसेटच्या औषधांतून हद्दपार केले.

पॅराक्वाटची गोष्ट वेगळी आणि भयंकर आहे. फुप्फुसाच्या पेशींवर काही वाहक प्रथिने असतात. पॉलिअमाइन नावाची शरीराची स्वतःची रसायने आत ओढून घेणे हे त्यांचे काम. पॅराक्वाटची ठेवण त्या रसायनांशी इतकी जुळते, की ही प्रथिने त्यालाही आत घेतात आणि फुप्फुसात ते साठत जाते. आत गेल्यावर ते एक इलेक्ट्रॉन उचलते, ऑक्सिजनला देते, पुन्हा रिकामे होऊन दुसरा उचलते. हे चक्र थांबत नाही. त्यातून निघणारे ऑक्सिजनचे उग्र कण प्रथिनांना गंजवतात, त्यांच्या घड्या बिघडतात, आणि दुरुस्तीसाठी पेशीने राखून ठेवलेला ग्लुटाथायोनचा साठा संपतो. यावर उतारा नाही. तोंडावाटे गेलेला एक घोटही जीव घेऊ शकतो. केरळने २०११ साली पॅराक्वाटवर बंदी घातली. माझ्या मते आपल्या बागायतींतही त्याला जागा नसावी.

२,४-डी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून शरीरभर फिरते आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. जास्त मात्रा गेली तर स्नायू तुटतात, आणि त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांवर भार टाकते. भातातल्या तणासाठी काही देशांत वापरले जाणारे प्रोपॅनिल हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप पालटते, मग ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही आणि ओठ निळे पडतात.

तणनाशकाचे प्रथिन माणसात कधीच नसते, असेही नाही. मक्यातल्या काही तणनाशकांचे लक्ष्य असलेले एचपीपीडी हे एन्झाइम आपल्या यकृतातही आहे. त्याच कुळातले निटिसिनोन तर टायरोसिनेमिया या जन्मजात आजारावर औषध म्हणून दिले जाते. योग्य मात्रेत त्याने मुलांचे प्राण वाचतात.

पायरी ३: फोनवर आलेला दावा तपासा

ग्लायफोसेट ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी आपल्या प्रथिनांत विणले जाते, असा मजकूर अजून फिरतो. २०१९ मध्ये मानवी पेशी वाढवून त्यांची प्रथिने तपासली गेली, तेव्हा असे काही घडत असल्याचा पुरावा मिळाला नाही. कुठलाही दावा वाचताना तीन गोष्टी विचारा: पेशी काचेच्या ताटलीतल्या होत्या की अभ्यास माणसांवर झाला? मात्रा किती होती? शुद्ध रसायन वापरले की बाजारातली बाटली? कर्करोगाबद्दलचा वादही असाच नीट वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याच वर्षी तसा धोका संभवत नाही असे म्हटले. पहिली संस्था रसायनात घातक गुण आहे का ते पाहते; दुसरी प्रत्यक्ष संपर्काचाही हिशेब धरते.

पायरी ४: फवारणी टाळता येते का ते पाहा

काजूत मला हीच पायरी सर्वात मोलाची वाटते. आपण बोंडू झाडावरून काढत नाही, जमिनीवर पडलेला उचलतो. तोच कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवायच्या जागी, मळला जातो, त्याचाच रस हुर्राक आणि फेणी या दारूंना जातो, आणि बिया वेचणारे हात पुष्कळदा बायकांचे व मुलांचे असतात. म्हणून बोंडू पडू लागल्यावर झाडाखाली तणनाशक नकोच. तेव्हा ग्रास कटर चालवा, किंवा कापलेले गवत बुंध्याभोवती आच्छादन म्हणून पसरा. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पाटाच्या आणि झरीच्या कडेलाही फवारू नका. ग्लायफोसेटसाठी केंद्राच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने फवारणी पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच, म्हणजे कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकाकडूनच, करून घेण्याची अट घातली आहे. शंका असेल तर विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

पायरी ५: औषध मिसळताना सर्वात जास्त जपा

धोका मोठा असतो तो टाकीत औषध ओतताना, कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेले, दाट असते. नायट्राइल रबराचे हातमोजे घाला. कापडी मोजे औषध शोषून त्वचेला चिकटवून ठेवतात. डोळ्यांना गॉगल, पायांत गमबूट, लांब बाह्यांचा शर्ट, पँट बुटांच्या बाहेर. पंप गळत असेल तर तो पाठीवर घेऊच नका: ओली पाठ आणि ओल्या मांड्या तासन्‌तास औषध आत घेत राहतात. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका. वाऱ्याकडे पाठ करून फवारा. मध्ये पान, तंबाखू, चहा काही नको. काम संपल्यावर साबणाने अंघोळ करा, कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा.

पायरी ६: अंगावर किंवा पोटात गेले तर

कपडे लगेच उतरवा, त्वचा साबण-पाण्याने धुवा, डोळे किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. पोटात गेले असेल तर ओकारी काढायला लावू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात न्या. गरज पडल्यास तिथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाठवतील. पॅराक्वाट पोटात गेले असेल तर माणूस बरा दिसतो म्हणून थांबू नका, त्रास काही दिवसांनीही उफाळतो. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देते.

बाटली किंवा तिचा फोटो सोबत न्या, आणि हे तणनाशक आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बागायतीतले विष म्हटले की पहिला संशय कीटकनाशकाचा येतो. त्यांतली बरीच अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात, आणि त्यांवर अ‍ॅट्रोपीन हे औषध देतात. ग्लायफोसेट ते एन्झाइम तसे बंद पाडत नाही. पॅराक्वाटमध्ये तर रुग्णाला सरसकट ऑक्सिजन लावणेही घातक ठरू शकते, कारण त्याचे ते इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचे चक्र ऑक्सिजनवरच चालते.