मोगऱ्याला दुसरा बहर हवा? शेंडा खुडा

उन्हाळ्यात मोगरा एकदा भरभरून फुलतो आणि मग नुसती पानं वाढतात. कारण कळ्या नव्या फुटव्याच्या टोकालाच धरतात. फुलून गेलेलं टोक तसंच राहिलं की नवे फुटवे कमी येतात.

१. झुपक्यातली शेवटची कळी फुलून गेली की त्याखालची पानांची एक जोडी सोडून, दुसऱ्या जोडीच्या जरा वर धारदार कात्रीने फांदी कापा. खाली राहिलेल्या पानांच्या बेचक्यातून सहसा दोन फुटवे निघतात, म्हणजे एकाच्या जागी दोन टोकं.

२. बारा इंची कुंडीत वरची माती दोन इंच उकरून दोन मुठी गांडूळखत मिसळा, लगेच पाणी द्या.

३. कुंडी किमान पाच-सहा तास थेट उन्हात हवी. सावलीतल्या झाडाची कितीही छाटणी केली तरी पानंच येतात!

साधारण महिना-दीड महिन्यात कळ्या दिसू लागतात. बहर ओसरेल तसं हेच पुन्हा करायचं.

युरिया मात्र टाकू नका. झाड हिरवंगार दिसतं, पण सगळा जोर पानांत जातो.