पाडण्याआधी मोजदाद : जुन्या कारखान्याच्या साहित्यातून नवी वसाहत

पुण्यात एखादा बंद कारखाना पाडायचा ठरला की फाटकाशी आधी भंगाराचा ठेकेदार येऊन उभा राहतो. वास्तुविशारदाचे पाऊल बरेच नंतर पडते. आपल्याकडे पाडकामाचा ठेकेदार बहुतेक वेळा मालकाकडून पैसे घेत नाही, उलट तोच मालकाला पैसे मोजतो, कारण शेडमधले लोखंड, लाकूड, पत्रे आणि तांब्याच्या तारा त्याच्या पदरात पडणार असतात. जुन्या साहित्याचा पुनर्वापर खरा अडतो तो या व्यवहारात. म्हणून पिंपरी, भोसरी, हडपसर किंवा मुंढवा येथील कारखान्याच्या जागी वसाहत उभारणाऱ्यांनी पाडकामाची निविदा काढण्यापूर्वी साहित्याची मोजदाद पूर्ण करावी आणि नव्या वसाहतीचा आराखडा त्या मोजदादीवरून आखावा.

परवानग्यांविषयी थोडक्यात सांगतो. औद्योगिक विभागातील खासगी जमिनीवर घरे बांधण्यासाठी राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे वापरबदल करून घ्यावा लागतो, त्यात सार्वजनिक सोयींसाठी जागा (सुविधा क्षेत्र) सोडावी लागते आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न आधी मिटवावा लागतो. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असल्यामुळे तिथली वाट निराळी आहे. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असल्यास पर्यावरण मंजुरी लागते.

त्यानंतर जमीन तपासावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला वेळोवेळी दिलेली संमतीपत्रे मिळवावीत, कारण तिथे कोणते उत्पादन होत होते आणि सांडपाणी किती होते हे त्यांत लिहिलेले असते. कागदावर नसलेले मात्र माणसांकडून कळते. ज्याने त्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षे काढली अशा निवृत्त कामगाराला बोलावून प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, टाक्या कुठे होत्या, डिझेलची टाकी कुठे पुरली होती आणि पावसाळ्यात गटार कुठून तुंबायचे, हे चालत चालत दाखवायला सांगावे आणि मातीचे नमुने आधी तिथलेच घ्यावेत. प्लेटिंगच्या जागी क्रोमियम आणि निकेल, रंगकामाच्या जागी शिसे, ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याभोवती तेल शोधावे. पुण्याच्या जमिनीत मुरुमाखाली काळा पाषाण आहे आणि दूषित पाणी त्याच्या भेगांतून दूरवर जाऊ शकते, तेव्हा आवारातील आणि शेजारच्या बोअरवेलचे पाणीही तपासावे. जागेवरचा ‘फुकटचा मुरूम’ तपासणीपूर्वी मुलांच्या मैदानात भरणे ही या कामातील सर्वांत महागात पडणारी काटकसर होय.

जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते ओले ठेवून, हुकांचे नट सोडवून, अखंड उतरवावेत. वरून फेकू नयेत, कापू नयेत, त्यांना भोकेही पाडू नयेत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ते रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावेत. हेच पत्रे मजुरांच्या तात्पुरत्या खोल्यांवर चढवलेले अनेक ठिकाणी दिसतात. त्याला पुनर्वापर म्हणू नये.

आता मोजदादीकडे वळू. प्रत्येक कैची (छप्पर तोलणारा त्रिकोणी सांगाडा), खांब, गर्डर, दरवाजा आणि खिडकी यांना क्रमांक द्यावा आणि तो दोन्ही टोकांना तैलरंगाने लिहावा, कारण खडू पहिल्याच सरीत धुऊन जातो. क्रमांकासमोर लांबी, छेद, गंज, जोडाचा प्रकार आणि छायाचित्र नोंदवावे. हा आग्रह मी अनुभवातून धरतो. एका शेडमधल्या पंधरा मीटर अंतर तोलणाऱ्या कैच्या आम्ही वसाहतीच्या सभागृहासाठी मनाशी धरल्या होत्या, पण ठेक्याच्या कागदावर तसे लिहिले नव्हते. दुपारी जागेवर पोहोचलो तेव्हा गॅसकटरने त्यांचे हातभर लांबीचे तुकडे होऊन ते ट्रकमध्ये चढत होते; जालन्याच्या भट्टीला तेवढेच तुकडे हवे असतात. ठेकेदाराचे काही चुकले नव्हते, कारण त्याला वजनाचा भाव मिळणार होता आणि त्याने वजनच पाहिले.

म्हणून राखीव साहित्याची यादी करारनाम्याला जोडावी. त्या यादीतील वस्तू उतरवण्याची मजुरी वजनावर न ठरवता नगावर ठरवावी आणि वस्तू न वाकता, न कापता थप्पीत लागल्यावरच ती द्यावी. यामुळे भंगाराचे उत्पन्न घटते आणि पाडकामाला काही आठवडे अधिक लागतात; हा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे मांडावा. काम दिवाळीनंतर सुरू करून मे संपण्याआधी उरकावे आणि एखादी भक्कम शेड शेवटपर्यंत न पाडता कोठार म्हणून वापरावी.

जुन्या पोलादाचा तुकडा प्रयोगशाळेत ताणून त्याची ताकद आणि रासायनिक घटक तपासल्याशिवाय संरचना अभियंत्याने त्यावर भार धरू नये. फार जुने पोलाद वेल्डिंगला दाद देईलच असे नाही, त्यामुळे जोड बोल्टचे ठेवणे बरे. उंच इमारतीच्या सांगाड्यात हे पोलाद घालण्याचा हट्ट धरू नये. सभागृह, भाजीबाजार, सायकलतळ आणि पादचारी पूल ही त्याची योग्य ठिकाणे.

विटांच्या बाबतीत दर्जा नंतर पाहावा, सांधा आधी. चुन्यात बांधलेली वीट जुन्या करणीच्या चार फटक्यांत स्वच्छ होते, सिमेंटमधली मात्र सांधा सुटण्याआधी स्वतःच फुटते, म्हणून सिमेंटच्या भिंती थेट राडारोड्यात धराव्यात. स्वच्छ केलेल्या दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते ऐकावे आणि काही विटा चोवीस तास पाण्यात ठेवून वजन करावे. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिणारी वीट भारवाहक भिंतीला घेऊ नये. शहाबादी फरशी उलटी करून पुन्हा घासली की अंगणात सुखाने नांदते. लाकडातले खिळे मात्र शेवटचा निघेपर्यंत काढावेत, नाहीतर टिंबर मार्केटमधला करवतवाला ते पात्याला लावणार नाही.

उरलेल्या काँक्रीटचा चुरा करावा लागतो. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी घालून दिलेली काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-गिलावा अशी चार भागांतील विभागणी जागेवरच करावी, कारण मिसळलेल्या ढिगातून चांगली खडी निघत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटर आणि त्यावरील प्रकल्पांवर राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. पुणे महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आणि पिंपरी-चिंचवडचा मोशीला आहे. खडी-वाळूविषयीच्या आयएस ३८३ : २०१६ या भारतीय मानकानुसार पुनर्प्रक्रिया केलेली काँक्रीटची जाड खडी एम २५ पर्यंतच्या प्रतीच्या (‘एम’चा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम १५ हून कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. ही खडी पाणी अधिक पिते, तेव्हा ती आदल्या दिवशी भिजवून ठेवावी.

जी शेड जागेवरच राखता येईल ती अर्थातच राखावी. पुणे स्टेशनाजवळच्या राजा बहादूर मिलच्या जुन्या वास्तूंत आज उपाहारगृहे चालतात. तिथे मिलच्या भिंतींना पुन्हा वीट होऊन दुसरीकडे जावे लागले नाही.

ताबा देताना मोजदादीची वही गृहनिर्माण संस्थेकडे सोपवावी आणि कोणत्या क्रमांकाची कैची कुठे बसली आहे व तिच्यावर किती भार चालतो हे तीत लिहून द्यावे, म्हणजे दहा वर्षांनी सभागृहात पंखा किंवा सौर पॅनेल टांगायला येणारा मिस्त्री भोक पाडण्याआधी ती उघडून पाहील.