बावन्न पत्ते आणि रिकामा खिसा

‘मर्सिनरीज: प्लेग्राउंड ऑफ डिस्ट्रक्शन’ (२००५) हा व्हिडिओ गेम खेळताना माझा खिसा कायम रिकामा. उत्तर कोरियाच्या ५२ म्होरक्यांना यात जुडीतला एकेक पत्ता दिलाय; त्यांना पकडून किंवा मारून इनाम कमवायचं. कुणी दिसला की मी थेट हवाई हल्ला मागवायचो. इमारत कोसळायची, मजा यायची (खेळ त्यासाठीच तर आहे!), पण मेलेल्याचं इनाम निम्मंच. वर हल्ल्याचा खर्च आपल्याच डोक्यावर.

मग पद्धत बदलली. त्यांच्याच सैन्याची जीप पळवली. तीत बसलं की पहारेकरी आपल्याला त्यांच्यातलाच समजतात. मात्र चढताना कुणी बघायला नको, नाहीतर सोंग फुकट. आत शिरून आधी अंगरक्षक टिपले, मग म्होरक्याला बंदुकीच्या दस्त्यानं आडवा केला, बेड्या घातल्या, हेलिकॉप्टर बोलावलं. पूर्ण इनाम हातात.