स्पेनमधे पोटभर आणि स्वस्तात जेवायचं असेल तर दुपारीच जेवा

स्पेनला जाणाऱ्यांनी आधी आपलं जेवणाचं घड्याळ बदला. तिकडे दुपारचं जेवण २ ते ४ आणि रात्रीचं ९ नंतर, मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी किचन बंदच असतं, ७ वाजता भूक लागली म्हणून जे उघडं दिसेल तिथे शिरलात तर ते हमखास टुरिस्टांसाठीचंच निघतं. मुख्य चौकातली फोटोवाली मेनूकार्डं बघून बसू नका, दोन गल्ल्या आत जा आणि दारातल्या पाटीवर खडूने 'मेनू देल दिया' लिहिलंय का बघा. सोमवार ते शुक्रवार दुपारी मिळतं हे, ठरलेल्या किमतीत दोन डिश, ब्रेड, ड्रिंक आणि शेवटी स्वीट किंवा कॉफी, आपल्या थाळीसारखंच समजा.

संध्याकाळी तापास, म्हणजे ड्रिंकसोबत खायच्या छोट्या छोट्या डिश, खा. ग्रानादा शहरात तर ड्रिंक घेतलं की सोबत एक तापा फुकट येतो, मस्त वाटतं!

शाकाहारी लोकांनी मात्र नीट लक्ष द्या, नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण सॅलडमधे ट्यूना मासा असतो आणि साल्मोरेखो या टोमॅटोच्या गार सूपवर हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात, म्हणून 'सिन खामोन, सिन आतून' (हॅम नको, ट्यूना नको) असं स्पष्ट सांगा. सेविया शहरात पालक-छोल्यांची जिरं घातलेली भाजी मिळते, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, ती चुकवू नका, अगदी घरची आठवण येते.

आणि हो, बिल आपणहून आणून देत नाहीत, 'ला क्वेंता, पोर फावोर' म्हणून मागायचं.