विशेष शाळेत नव्याने लागलात? प्रवेशाचं एवढं माहीत असू द्या

जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी बसलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, टक्के किती लागतात?" उत्तर सोपं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे किमान ४० टक्के दिव्यांगत्व, आणि ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. मात्र हे टक्के कशावरून पडले, ते तुम्हाला कळलं तरच पुढचं बोलणं होतं.

डोळ्यांत बघतात ती चांगल्या डोळ्याची नजर, तीही चष्मा लावून. ती ३/६०च्या खाली असेल, म्हणजे धडधाकट डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल, तर अंध. ६/१८च्या खाली पण ३/६०पर्यंत असेल तर अल्पदृष्टी. विटी लागून एक डोळा गेलेलं आणि दुसरा ठणठणीत असलेलं पोर घेऊन बाप येतो. पोराचे भरतात ३०च टक्के. "डोळा गेला की हो सर!" म्हणतो तो, आणि त्याचंही चुकत नाही. पण अंधशाळेच्या नियमात ते पोर बसत नाही. त्याला गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसवा, हेच सांगायचं.

कर्णबधिर ठरायला दोन्ही कानांत ७० डेसिबलची (आवाज मोजायचं माप) श्रवणहानी लागते; ६० ते ७० म्हणजे ऐकू कमी येणारा. ऑडिओग्राम, म्हणजे कानतपासणीचा आलेख, स्वतः वाचायला शिका. लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्या कानाची. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. कान वाहत असेल तर आधी उपचार, दाखल्याचं मग. तान्ह्या लेकरांची बेरा टेस्ट (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते बघणारी) होते, झोपेत. सहाव्या वर्षापर्यंत थांबा असं कुणालाही सांगू नका. मशीन जितक्या लवकर कानाला लागेल तितकं बोलणं लवकर येतं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. आईबापासोबत लेकरूही फडावर. दिव्यांग दाखल्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग जिल्ह्याचं सिव्हिल, संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय इथं तपासणी, हे सगळं पाडवा ते जून एवढ्यातच उरकावं लागतं. त्यात आधारवर 'बाळू' आणि जन्मदाखल्यावर भलतंच नाव! ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. मुक्कामी शाळा असेल तर हंगामात लेकरू शाळेतच राहू शकतं, हे पालकांना आधीच बोलून ठेवा.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हातात आलं की रंग बघा. पांढरं ४०च्या आतलं, पिवळं ४० ते ७९चं, निळं ८० आणि त्यापुढचं. पिवळं कार्ड असलेल्या अल्पदृष्टीच्या मुलाला विशेष शाळेतच या, असा आग्रह मी धरत नाही. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड कायद्याने त्याची आहे. मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि शिकवायची तयारी असलेले गुरुजी गावातच मिळाले, तर तिथंच बरं.